आत्याचे डबे

आमच्या शहरातल्या कुठल्याही गिटारवाल्याला ‘आत्याचा डबा’ म्हणजे काय असं विचारा, तो आधी स्वतःच्या पायाकडे बोट दाखवेल. हा खाण्याचा डबा नव्हे. हातात मावेल एवढी पत्र्याची पेटी, वर फिरवायची दोन-तीन बटणं आणि पुढे पायाने दाबायचा एक खटका. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने निघून ॲम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करून बाहेर सोडणाऱ्या खोक्याकडे, जाते आणि मधल्या वाटेवर आवाजाला काहीतरी होतं. काय होतं ते डब्याच्या रंगावर. हिरव्यात ट्रेमोलो, म्हणजे आवाज लहान-मोठा, लहान-मोठा होत राहतो. निळ्यात व्हायब्रेटो, त्यात सूरच जागच्या जागी हेलकावे खातो. जांभळ्यात फेझर आणि लालमध्ये फ्लँजर. एक आवाजाला पाण्यातून काढल्यासारखं करतो, दुसरा डोक्यावरून विमान नेतो. पिवळ्यात कोरस. कोरसमध्ये मूळ सुराला त्याचीच एक नक्कल जोडलेली असते, किंचित उशिरा येणारी आणि किंचित थरथरणारी, त्यामुळे एकटी गिटार दोघी-तिघींसारखी वाजते.

डब्यांवर नावं लिहिलेली नसत. आत्याला विचारलं तर ती म्हणे, पायाखाली घालायची वस्तू आहे, वाचत काय बसायचंय.

ही आत्या तशी एकाच मुलीची सख्खी आत्या. पण तिचा धाकटा भाऊ तरुणपणी गिटार वाजवायचा, त्याच्या जुन्या मित्रांनी पुढे त्याच्या मुलीच्या तोंडून ‘आत्या’ ऐकलं आणि तेही आत्या म्हणू लागले. मग मित्रांचे मित्र, त्यांचे शिष्य, शिष्यांचे बाप. शेवटी शेवटी केसांना कलप लावणारे गृहस्थही तिला आत्या म्हणत आणि ती खुशाल ‘काय रे पोरा’ म्हणून ओ देई. उंच, काटक बाई. चष्मा कपाळावर, मान ताठ, आवाज खणखणीत. तिच्या ताठ मानेबद्दल लोक दोन गोष्टी बोलत. एक, की तिचं काम तसंच आहे, मान ताठ असणारच. दुसरी, की बाई जरा शिष्ट आहे, कधी कधी शेजारून हाक मारली तरी वळून बघत नाही. ही दुसरी गोष्ट तिच्या कानावर आली होती. तिने ती खोडून काढली नाही.

तिची कामाची खोली शिंप्याच्या दुकानावर होती. खाली शिलाई मशीन सुरू झालं की वर टेबलावरचे स्क्रू नाचायचे. टेबल लांबलचक, त्याच्या डाव्या टोकाला भिंत, भिंतीला लागून आत्याची खुर्ची, आणि गिऱ्हाइकाचं स्टूल कायम तिच्या उजव्या हाताला. डबा घ्यायला आलेला नवखा माणूस बसल्या बसल्या सगळी बटणं शेवटपर्यंत पिळायचा. आत्या त्याच्या हातावर चापट मारायला कमी करायची नाही. सगळं शून्यावर आण, म्हणायची. हे रेट, म्हणजे लाट किती घाईने येते. हे डेप्थ, म्हणजे ती किती उंच उठते. दोन्ही एकदम वाढवलंस तर ऐकणाऱ्याला बोट लागेल. घाई असेल तर उंची कमी ठेव, उंची हवी असेल तर दम धर. आणि फ्लँजरचं हे तिसरं बटण, फीडबॅकचं, ते आगाऊ आहे. त्याला एकदा मोकळं सोडलं की घरात दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. एवढं सांगून ती स्वतः गिटार घ्यायची आणि नेहमीचे तीन कॉर्ड वाजवायची. तेवढेच तिला येत. पण त्या तीन कॉर्डांवर तिने जेवढं ऐकलं तेवढं भल्याभल्यांनी अख्ख्या कारकिर्दीत ऐकलं नसेल.

प्रत्येक डब्याच्या पोटात एक इवलासा प्रीसेट असतो, बारीक स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा. तो योग्य जागी आला की आवाज श्वास घेऊ लागतो. केसभर इकडेतिकडे झाला तर नुसती घरघर. हा प्रीसेट आत्या फक्त कानाने लावायची. जागा सापडली की त्यावर लाल नेलपॉलिशचा एक थेंब टाकायची, म्हणजे तो पुन्हा हलू नये. जन्मात तिने स्वतःच्या नखांना नेलपॉलिश लावलं नाही, पण दुकानदाराला वाटे बाई भारी हौशी आहे. तो लाल थेंब म्हणजे आत्याचा शब्द होता. थेंब पडला की डबा पास. मग तो कुठल्याही गावात, कुणाच्याही पायाखाली वाजो, आत्याची मान ताठ.

आता जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते सांगायला हवं. आत्याला डाव्या कानाने काहीही ऐकू येत नव्हतं.

लहान असताना तिला गालगुंड झालं. आठवड्याभरात सूज उतरली, आणि उतरताना डाव्या कानाचं ऐकणंही घेऊन गेली. हे फक्त तिच्या आईच्या लक्षात आलं. डॉक्टर म्हणाले, हा कान गेला, दुसरा शाबूत आहे, देवाची कृपा समजा. आईने कृपा समजून घेतली आणि मुलीला बजावलं की झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला सांगू नकोस. कळलं की लोक आधी हळहळतात आणि मग मोठ्याने बोलायला लागतात, जसा काही तुझा मेंदूच बंद आहे. भाऊ तेव्हा पाळण्यात होता, त्यालाही कधी सांगितलं नाही. पुढे आई गेली आणि मूठ एकट्या आत्याच्या हातात राहिली.

ती मूठ तिने अशी आवळून धरली की विचारू नका. चालताना सगळ्यांना आपल्या उजवीकडे ठेवायचं. कार्यक्रमाला गेलं की ओळीतली अगदी डावीकडची खुर्ची धरायची. फोन उजव्या कानाला. डावीकडून कुणी काही बोललंच तर त्याच्या तोंडाकडे बघून अंदाजाने हसायचं आणि ‘हो ना’ म्हणायचं. ‘हो ना’ने बहुतेक संसार चालतात, तसा तिचाही चालला. कधी अंदाज चुकायचा, कुणाच्या तरी आजारपणावर ती हसून ‘हो ना’ म्हणायची, आणि शिष्टपणाच्या खात्यात आणखी एक भर पडायची. पडू दे. शिष्ट म्हणा, आखडू म्हणा, बहिरी म्हणू नका, असा तिचा हिशेब होता.

शाळा संपल्यावर ती रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागली. एकदा भावाने कुणाकडून तरी मागून आणलेलं परदेशी फेझर पेडल, म्हणजे असाच एक डबा, बंद पडलं आणि तो रडवेला होऊन तिच्यापुढे उभा राहिला. तिने ते उघडलं. एक वायर सुटली होती, तिला सोल्डर मारायला किती वेळ लागतो. पण झाकण लावण्याआधी तिचा स्क्रू ड्रायव्हर सहज त्या प्रीसेटला लागला, भाऊ तार छेडत होता, आणि मेल्यासारखा सपाट आवाज एकदम हलायला लागला. तिने उलट फिरवलं, तो मेला. सुलट फिरवलं, जगला. त्या दिवशी दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी ती उठली नाही. हे काम आपलं, हे तिला तिथल्या तिथे कळलं. एक डबा, एक ॲम्प, एक आवाज. त्याला एक कान पुरतो. त्या टेबलाशी ती जगातल्या कुणाहीपेक्षा काडीइतकीही कमी नव्हती.

भावाने नोकरी लागल्यावर गिटार सोडली आणि तो दुसऱ्या गावी गेला. त्याची मुलगी मात्र बापाची गिटार घेऊन शिकायला म्हणून आत्याकडे राहायला आली. तिला आत्या तुडतुडी म्हणायची, कारण ती एका जागी ठरत नसे आणि तिचं तोंडही ठरत नसे. या मुलीने वर्षभरात सोल्डरिंग उचललं, दोन वर्षांत सर्किट काढायला लागली, आणि वाजवायला लागली म्हणाल तर खालचा शिंपी मशीन थांबवून ऐकायचा. शिंप्याने मशीन थांबवणं ही साधी गोष्ट नव्हे. ते त्याने स्वतःच्या सासऱ्यासाठीही थांबवलं नव्हतं. आत्या गिऱ्हाइकांना सांगायची, कानामागून आली आणि तिखट झाली, आणि सांगताना तिचा चेहरा असा फुलायचा की तक्रार आहे असं कुणालाही वाटू नये.

तर या तुडतुडीने एक नवा डबा केला. पिवळाच, कोरसचाच, पण त्याला बाहेर पडायच्या वाटा दोन. दोन वायरी, दोन ॲम्प, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. एका वाटेने मूळ सूर आणि त्यात मिसळलेली थरथरती नक्कल. दुसऱ्या वाटेने तोच मूळ सूर, पण नक्कल उलटी केलेली, अधिकाच्या जागी उणे. दोन्हीकडून दोन वेगळे आवाज आले की खोलीच्या भिंती मागे सरकल्यासारख्या वाटतात, असं ती म्हणाली. तिने खोली आवरली, ॲम्प मांडले, आत्याची खुर्ची भिंतीपासून ओढून बरोब्बर मधोमध आणली आणि तिला बसवून वाजवायला लागली.

आत्याने ऐकलं. साधी गिटार. बटणं फिरत होती, मुलगी डोळे मिटून वाजवत होती, आणि आत्याला ऐकू येत होती ती बिनडब्याची, साधी, कोरडी गिटार. कोरस अगदी लांबून, दाराआडून आल्यासारखा जेमतेम. आता उरलेला कानही चालला, हा पहिला विचार. ‘कसं वाटलं?’ असं तुडतुडीने विचारलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळलेला होता की आत्या बोलून गेली, छान आहे. फार छान आहे. आणि तिने नेलपॉलिशची बाटली उघडून प्रीसेटवर लाल थेंब टाकला. न ऐकता टाकलेला तो तिच्या आयुष्यातला पहिला थेंब.

मुलगी बाहेर गेल्यावर तिने आपला जुना पिवळा डबा काढला आणि लावून बघितला. तो स्वच्छ ऐकू आला, पहिल्यासारखाच भरलेला. म्हणजे कान धड होता. मग तिने मनाशी ठरवलं की हे दोन ॲम्पचं प्रकरण दोन कानवाल्यांसाठीच असणार. जग पुढे गेलं, आपल्याला तिकडे जाता येणार नाही, एवढंच. असं ठरवणं सोपं असतं, सोसणं नाही. ज्या टेबलाशी ती कुणापेक्षा कमी नव्हती, त्याच टेबलाशी आता रोज तो नवा डबा पडलेला असायचा आणि ती त्याच्याकडे बघायचं टाळायची. ती चिडचिडी झाली. गिऱ्हाइकांच्या हातावरच्या चापटा वाढल्या.

अशातच एका मोठ्या वाद्यवृंदाचा गिटारवाला आजारी पडला आणि बँडमास्तरने तुडतुडीला बोलावलं. नुसतं बोलावलं नाही. तालमीत तिचं वाजवणं ऐकून कार्यक्रमाची सुरुवातच तिच्यावर सोपवली. पडदा उघडेल, बाकी सगळे गप्प, आणि ही एकटी गिटार वाजवणार. मुलीने त्यासाठी जे बसवलं होतं ते सगळं नव्या डब्यावर. सूर थोडे, लांब लांब सोडलेले, आणि मधली सगळी जागा कोरसने भरायची. कोरस काढून घेतला तर हाडांचा सापळा.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी दोघी सामान घेऊन हॉलवर गेल्या. हॉल प्रचंड, खुर्च्या निळ्या मखमलीच्या, मखमल मध्ये मध्ये टक्कल पडलेली. तुडतुडीने स्टेजवर दोन बाजूंना ॲम्प ठेवले, साउंडवाल्याने दोघांपुढे माइक लावले, आणि ती वाजवायला लागली. उजव्या ॲम्पची वायर पायात येत होती म्हणून आत्या ती सरकवायला वाकली, आणि वाकली तशीच राहिली. तिच्या उजव्या कानात कोरस होता. भरगच्च, दाणेदार, तिने आजवर ऐकलेल्या कुठल्याही पिवळ्या डब्यापेक्षा सुंदर. ती उठून डाव्या ॲम्पशी गेली. तिथेही कोरस. मधोमध आली, नाहीसा. पुन्हा उजवीकडे, आला. पुन्हा मध्ये, गेला. खेकड्यासारखी ती स्टेजवर आडवी फिरत राहिली आणि ढोलवाला तिच्याकडे बघत राहिला.

मग ती खाली प्रेक्षकांच्या जागेत उतरली. पुढे, मागे, कडेला, सगळीकडे साधी गिटार. ती साउंडवाल्याकडे गेली आणि त्याला विचारलं की या दोन ॲम्पचं तू काय करतोस. तो म्हणाला, करायचं काय, दोन्ही एकत्र करतो आणि हॉलभरच्या स्पीकरांना तोच एक आवाज देतो. डावं-उजवं हे चोचले घरी. इथे कोपऱ्यातल्या माणसालाही सगळं ऐकायचं असतं.

आत्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अधिक आणि उणे. वेगवेगळ्या कानांत गेले तर भिंती मागे सरकतात. एकत्र झाले की एकमेकांना खाऊन टाकतात, आणि उरतो तो नुसता मूळ सूर. तिचा कान बिघडला नव्हता. तो गेले काही दिवस तिला खरं तेच सांगत होता आणि तिनेच त्याला गप्प बसवलं होतं.

तिने स्टेजकडे हात करून मुलीला थांबवलं आणि सांगितलं, तुझा कोरस खाली येत नाहीये. तुडतुडी वरून म्हणाली, येतोय की, मला मस्त ऐकू येतोय. येणारच, ती दोन ॲम्पच्या मधे उभी होती, दोन धडधाकट कान घेऊन. साउंडवाला म्हणाला, बाई, गिटार छान येतेय, तुम्ही उगाच काळजी करताय. त्याचंही खरं होतं. मुलीने काय बसवलंय हे त्याला कुठे माहीत होतं. बँडमास्तरने घड्याळ बघितलं. दारं उघडायची वेळ जवळ येत होती आणि अजून बाकीच्यांचे माइक लागायचे होते. आत्या तिथेच गप्प बसली असती तर कुणी तिला बोल लावला नसता. पडदा उघडला असता, सापळा वाजला असता, लोकांनी सभ्यपणे टाळ्या दिल्या असत्या, आणि आपलं काय चुकलं हे त्या मुलीला कधीच कळलं नसतं.

“एक वायर काढ,” आत्या म्हणाली. “एकाच ॲम्पवर वाजव.”

“आत्या, मग त्याची सगळी मजाच जाईल.” तुडतुडीच्या आवाजात राग आणि भीती सारखीच होती. “आणि घरी तूच मधोमध बसून ऐकलंस ना? तूच पास केलास. तिथे ऐकू आलं, मग इथेच कसं येत नाही?”

हॉलमध्ये सगळे थांबले. बँडमास्तर, ढोलवाला, साउंडवाला, बासरीचा डबा उघडत असलेले एक आजोबा. याचं उत्तर एकच होतं आणि ते आत्याने आईला दिलेल्या शब्दापासून आजपर्यंत दातांखाली धरलेलं होतं. तिच्या मनात आलं की वेळ मारून न्यावी, सर्दी झाली होती म्हणावं. मग तिने त्या मुलीच्या हातांकडे बघितलं. थोड्या वेळाने ते हात एवढ्या माणसांपुढे एकटे पडणार होते.

“तिथेही ऐकू आलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी खोटं बोलले. माझा डावा कान लहानपणापासून बंद आहे. पूर्ण बंद. मला वाटलं दोष माझ्यातच आहे, म्हणून तुला सांगितलं नाही.”

मग तिने दोन्ही ॲम्पकडे बोट दाखवलं.

“मला सगळं एकाच कानात येतं. तुझे दोन्ही आवाज त्या एका कानात भेटले आणि फिटले, कोरस गेला. या हॉलचंही तेच आहे. हा हॉल माझ्यासारखा आहे, बाळ. एका कानाचा. आज तुला जेवढे लोक ऐकायला येणार आहेत ना, ते सगळे माझ्या खुर्चीत बसून ऐकणार आहेत.”

ती स्टेजवर चढली, मुलीच्या गळ्यातून गिटार काढून आपल्या गळ्यात घातली आणि म्हणाली, जा, खाली उभी राहून ऐक. एवढ्या मोठ्या स्टेजवर गिटार घेऊन आत्या आयुष्यात पहिल्यांदाच उभी होती. तिने आपले तीन कॉर्ड वाजवले. तुडतुडी हॉलच्या मधल्या वाटेत उभी राहिली, मग मागे गेली, मग कडेला. तिचा चेहरा उतरत गेला. मग आत्याने वाकून एका बाजूची वायर डब्यातून उपटली.

हॉल भरला. तेच तीन कॉर्ड, पण आता त्यांना अंग आलं होतं. बासरीवाल्या आजोबांनी मान वर केली. साउंडवाला म्हणाला, अच्छा, असं होय. तुडतुडी धावत स्टेजशी आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, पण तोंड काही बंद राहणारं नव्हतं.

“म्हणजे रोज मी ओट्याशी तुझ्या डावीकडे उभी राहून एवढी बडबडते, त्यातलं तुला काहीच...?”

“काहीच नाही,” आत्या म्हणाली. “म्हणून तर आपलं इतकं पटतं.”

ढोलवाल्याला हसू आवरेना, मग बँडमास्तरलाही. हळहळ करायला कुणाला सवडच मिळाली नाही. मोठ्या आवाजातही कुणी बोललं नाही. उलट त्यानंतर बँडमास्तर स्वतः येऊन तिच्या उजव्या बाजूला उभा राहिला आणि विचारू लागला की आता बटणं कुठे ठेवायची, ते तुम्हीच हॉलमधून सांगा. आत्याने सांगितलं. हॉलला स्वतःचा घुमारा आहे, म्हणून रेट खाली, आणखी खाली, लाट येतेय की नाही अशी शंका येईल इतका खाली. डेप्थ अर्ध्याच्या थोडी आत. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली, मधे मधे थांबून उजवा कान स्टेजकडे करत राहिली, आणि आज पहिल्यांदाच ते कुणी बघतंय का हे तिने बघितलं नाही. शेवटी तिने हात वर केला. तो हात म्हणजे लाल थेंबच होता, आणि या वेळी तो ऐकून पडला होता.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. आत्याला मिळालेली खुर्ची ओळीच्या मधली होती, दोन्हीकडे माणसं. सवयीने ती उठून कडेची जागा मागणार होती, पण तेवढ्यात दिवे मंद झाले आणि पडदा सरकला. तुडतुडी एकटी उभी होती, एवढ्या मोठ्या स्टेजवर एवढीशी. तिने पहिला सूर सोडला. तो हॉलभर पसरला, सावकाश हेलकावला, आणि विझायच्या आत तिने दुसरा त्याच्या मागे सोडला. खोकणारे खोकायचे थांबले. कुणाच्या तरी मांडीवरचं मूल ‘आई, किती जणं वाजवतायत?’ असं विचारतं झालं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. आत्याला वाटलं की आपला भाऊ इथे हवा होता, आपली आई इथे हवी होती. तिला इतका अभिमान वाटला की तो कुठे ठेवावा कळेना. तिने चष्मा काढून पुसला, तो पुन्हा धूसर झाला, तेव्हा तिने पुसायचा नाद सोडला.

वाजवणं संपलं. टाळ्या अशा उसळल्या की बाकीचे वादक विंगेत ताटकळत राहिले. त्या टाळ्यांमध्ये आत्याच्या डाव्या बाजूला बसलेली वयस्कर बाई तिच्याकडे झुकली आणि काहीतरी बोलली. ओठ हललेले आत्याला दिसले. ‘हो ना’ तिच्या जिभेवर आलंच होतं. तिने ते गिळलं आणि पूर्ण वळून उजवा कान पुढे केला.

“त्या कानानं मला ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “इकडून सांगा.”

बाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्या आणखी पुढे झुकल्या. “म्हटलं, ती मुलगी कोण हो? एकटी वाजवतेय असं वाटेचना. काटाच आला अंगावर. जिची असेल तिचं नशीब थोर.”

आजवर किती माणसं या डाव्या कानाशी असं काहीबाही बोलून गेली असतील आणि आपण ‘हो ना’ म्हणून त्यांना वाटेला लावलं असेल, असं आत्याच्या मनात आलं.

“माझी भाची आहे,” ती म्हणाली. “आणि तिच्या पायाखालचा डबा आमचा आहे.”

बाई चकित होऊन तिच्याकडे बघत राहिल्या. आत्या खुर्चीत शक्य तितकी वळून बसली आणि तिने कान आणखी जवळ नेला. मघाचं सगळं तिला ऐकू आलं होतं, शब्दन् शब्द, अगदी स्वच्छ.

“परत एकदा सांगा ना,” ती म्हणाली.